अपील केलं आणि तोडीला गेले: दिव्यांग प्रमाणपत्राच्या एका अपिलाचं प्रकरण

हे प्रकरण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. अपील दाखल झालं सप्टेंबर 2022 मध्ये आणि निर्णय मिळाला जुलै 2023 मध्ये. मधले दहा महिने कुठे गेले हे कागदोपत्री शोधता आलं, म्हणून ते सविस्तर मांडत आहोत. मराठवाड्यातून दसऱ्यानंतर गाव सोडणाऱ्या प्रत्येक घराला हीच अडचण येऊ शकते.

पार्श्वभूमी

अर्जदाराचं वय अपघाताच्या वेळी 34 होतं. डिसेंबर 2020 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत ऊस भरताना डाव्या पायावरून ट्रॉलीचं चाक गेलं. जवळच्या खाजगी दवाखान्यात चवडा कापावा लागला. टाच आणि घोटा वाचले. जखम भरली, पण घोटा पुढे ताठर होत गेला आणि कापल्या जागी टोकाला हात लावला तरी कळ निघायची. पायात साधी चप्पल टिकत नव्हती.

त्याआधी नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, होता. अपघातानंतर बायको आणि दीर असा कोयता मुकादमाकडे, म्हणजे तोडकरी पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे लागला आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्या दोघांच्या नावावर घेतली गेली. अर्जदार सोबत जायचे. बसल्या जागी मोळ्या बांधणं, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकणं, कोपीवरचा म्हणजे तोडीच्या मुक्कामी झोपडीतला स्वयंपाक आणि लेकरं सांभाळणं त्यांच्याकडे होतं. गावी फक्त म्हातारी आई असायची. तीही मधूनमधून लेकीकडे जायची आणि तेव्हा घराला कुलूप लागायचं. पुढच्या सगळ्या घटनांत या कुलपाला महत्त्व आहे.

2022 च्या उन्हाळ्यात त्यांनी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. 1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र याच पोर्टलवरून काढावं लागतं. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी झाली आणि प्रमाणपत्र आलं: कायमस्वरूपी, 30 टक्के.

अडचण

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. तहसीलच्या संगायो शाखेत खिडकीवरच सांगण्यात आलं की तीसवर अर्ज घेता येणार नाही. लेखी काही मिळालं नाही, मागितलंही गेलं नाही.

30 टक्के हा आकडा चुकीचा नव्हता, अपुरा होता. हा फरक कुटुंबाला तेव्हा माहीत नव्हता आणि अपिलाचा सगळा जोर त्याच्यावरच हवा होता. त्या वेळी लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कापलेल्या अवयवाची मोजणी पातळीवरून सुरू होते. चवड्यापर्यंत कापलं तर 30, तळपायाच्या मधल्या भागापर्यंत कापलं तर 40. त्यावर आणखी एक तरतूद आहे. वरच्या सांध्याचा ताठरपणा, मज्जातंतूची दुखरी गाठ म्हणजे न्यूरोमा, जंतुसंसर्ग अशा गुंतागुंतीसाठी मिळून 10 टक्क्यांपर्यंत भर घालता येतो. पहिल्या तपासणीत पातळी मोजली गेली. घोट्याची हालचाल मोजल्याची नोंद कागदावर कुठेच नव्हती. अर्जदारांनी सोबत नेलेल्या कागदांत फक्त डिस्चार्ज कार्ड आणि पायाचा समोरून काढलेला एक एक्स-रे होता, त्यामुळे मंडळाला तसं सुचवणारं काही हातातही नव्हतं.

समोरचे पर्याय

पोर्टलवर नवा अर्ज भरावा, असं महा ई-सेवा केंद्रात सुचवण्यात आलं. पण एका आधार क्रमांकावर आधीची नोंद असताना दुसरा अर्ज पुढे सरकत नाही, आणि माहिती बदलून भरली तर संशय ओढवतो. हा मार्ग सोडला ते बरंच झालं.

दुसरा मार्ग अपिलाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. अपील ऐकणारं प्राधिकरण आणि मुदत राज्य शासन ठरवतं. ज्या रुग्णालयाने प्रमाणपत्र दिलं तेच अपील ऐकत नाही. अर्ज तिथल्या खिडकीवर दिला, तरी तो पुढे जाणं गरजेचं असतं.

तिसरा मार्ग थेट पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करण्याचा. कलम 80 खाली आयुक्त तक्रारींची दखल घेतात. पण तक्रारीला वजन यायचं तर आधी अपील झालेलं आणि रखडलेलं असावं लागतं. म्हणून हा पर्याय मागे ठेवला.

खरा पेच मात्र कागदाचा नव्हता. दसरा तोंडावर होता आणि उचल घेतलेली होती. अर्जदाराने गावी थांबावं की टोळीसोबत जावं? थांबले असते तर टपाल हातात पडलं असतं. पण कोपीवर लेकरांकडे बघायला कुणी राहिलं नसतं आणि गावात एकट्या पायावर चूल, पाणी सगळं त्यांच्यावर आलं असतं. ते गेले. या निर्णयाला आम्ही चूक म्हणणार नाही. चूक झाली ती जाताना पत्त्याबाबत.

काय केलं

अपील सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलं गेलं. एक पान होतं. मी गरीब आहे, मुलं लहान आहेत, काम होत नाही, तरी टक्के वाढवून द्यावेत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांना त्यातून काही हाताला लागत नाही. प्रमाणपत्र शरीराच्या कायमच्या हानीचं असतं. गरिबीचा विचार पुढे तहसीलला होतो.

अर्ज रुग्णालयात दिला. प्रतीवर शिक्का मिळाला, पण आवक क्रमांक नव्हता. शिक्का आणि आवक क्रमांक यांत मोठा फरक आहे. शिक्क्याने एवढंच सिद्ध होतं की कागद खिडकीपर्यंत आला. आवक क्रमांक पडला की तो बारनिशीच्या, म्हणजे टपाल आवक-जावक शाखेच्या नोंदवहीत येतो, कुठल्या टेबलाकडे गेला हे समोरच्या रकान्यात लिहिलं जातं आणि पुढे कुणालाही तो शोधता येतो.

पत्त्याच्या जागी गावचं घर लिहिलं. कारखान्याचा पत्ता मुद्दाम टाळला. ‘तोडीला जातोय म्हणजे कामाला धड आहे’ असं साहेबांना वाटेल, ही भीती होती. ही भीती तोडकरी घरांत सर्रास असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण कायद्याच्या दृष्टीने तिला आधार नाही. मोळ्या बांधणाऱ्या माणसाचा चवडा परत येत नाही, आणि मोजायचं असतं ते तेवढंच. स्थलांतर लपवल्याने टक्के वाचले नाहीत, उलट पत्र चुकलं.

नोव्हेंबर ते जानेवारी कुटुंबाने वाट पाहिली. अधूनमधून गावातला पुतण्या रुग्णालयात चौकशी करायचा. ‘माझ्या काकाचं काम झालं का’ या प्रश्नाला ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच उत्तर यायचं. हे उत्तर देणाऱ्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही. क्रमांकाशिवाय शेकडो कागदांतून एक कागद खिडकीवर बसून सापडत नाही. विचारायचं ते असं: अपील अमुक तारखेचं, आवक क्रमांक अमुक, ते अपील प्राधिकरणाकडे कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या तारखेला गेलं? जावक क्रमांक मिळाला की पुढच्या कार्यालयात तोच घेऊन जायचं.

फेब्रुवारी 2023 मध्ये पुतण्याने माहिती अधिकाराचा अर्ज केला. इथून प्रकरण हललं, म्हणून तो अर्ज कसा होता ते नीट सांगतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो परिशिष्ट ‘अ’ मध्ये असतो, एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने पुरावा जोडला तर शुल्क नाही. अर्जात ‘उशीर का झाला’ असं विचारलं नाही. ‘का’ची माहिती दप्तरात नसते आणि तेवढ्या कारणावर अर्ज परत येतो. मागितलं ते असं: अपिलाच्या संचिकेतल्या सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती, अपील ज्या नोंदवह्यांत आवक-जावक झालं त्या पानांच्या प्रती, अपिलार्थीला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत आणि टपालाची पोच. प्रतींचा खर्च पानाला 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याने कलम 6(3) खाली अर्जाचा अर्धा भाग अपील प्राधिकरणाकडे वळवला, त्यामुळे दोन ठिकाणांहून उत्तरं आली.

मार्चमध्ये आलेल्या पानांनी सगळा घटनाक्रम उलगडला. अपील रुग्णालयातून पुढे जायलाच डिसेंबर उजाडला होता. जानेवारीत अपील प्राधिकरणाने फेरतपासणीची तारीख दिली होती आणि तसं पत्र रजिस्टर पोस्टाने गावच्या पत्त्यावर पाठवलं होतं. घराला कुलूप. पोस्टमनने सूचना ठेवली, पत्र पोस्टात सात दिवस राहिलं आणि परत गेलं. टिपणीत शेरा पडला: अपिलार्थी तपासणीस गैरहजर. त्याखाली प्रकरण निकाली काढण्याचा प्रस्ताव होता, त्यावर अजून सही झालेली नव्हती.

म्हणजे कुटुंब सरकारच्या उत्तराची वाट पाहत होतं आणि दप्तराच्या लेखी सरकार कुटुंबाची वाट पाहून थकलं होतं.

आता दोन वाटा होत्या. प्रकरण निकाली निघू द्यायचं आणि उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जायचं, किंवा सही होण्याआधी फेरतारीख मागायची. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांनी दुसरा मार्ग सुचवला. मोफत विधी सेवा उत्पन्नाच्या निकषावरही मिळते, त्यासाठी 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. तालुका न्यायालयाच्या आवारात ही समिती असते, 15100 वरूनही माहिती मिळते. अशा घरांनी तिथे आणखी लवकर जायला हवं असं आमचं ठाम मत आहे.

फेरतारखेचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला गेला. गैरहजेरीचं कारण म्हणून ग्रामसेवकांनी दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आणि परत गेलेल्या पत्राची माहिती अधिकारातून मिळालेली प्रत जोडली. सप्टेंबरमध्ये जे स्थलांतर लपवलं होतं, तेच आता गैरहजेरीचं सबळ कारण ठरलं. संपर्कासाठी दोन पत्ते आणि दोन मोबाइल क्रमांक दिले. एक पत्ता पुतण्याचा, कारण तो वर्षभर गावात असतो.

सोबत अपिलाची पुरवणी जोडली. तीत गरिबीचा उल्लेख नव्हता. तीन मुद्दे होते: कापलेली पातळी शस्त्रक्रियेच्या नोंदीप्रमाणे कोणती, घोट्याची हालचाल किती अंश उरली आहे, कापल्या जागी न्यूरोमा असल्याचं अस्थिरोगतज्ज्ञांचं लेखी मत. घोट्याची हालचाल ग्रामीण भागातल्या सरकारी फिजिओथेरपिस्टने कोनमापकाने मोजून, तारीख-सहीनिशी लिहून दिली. एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन्ही काढले.

शस्त्रक्रियेची नोंद मिळवणं सोपं नव्हतं. दवाखाना दोनशे किलोमीटरच्या पुढे. पण वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. हंगाम अजून संपायचा होता, टोळी त्याच भागात होती, म्हणून अर्जदार स्वतः जाऊन प्रत घेऊन आले. आणखी नऊ महिने गेले असते तर ती तीन वर्षं उलटली असती.

एक प्रलोभन इथे टाळलं गेलं. थेट ‘मधल्या भागापर्यंत कापलं आहे, 40 द्या’ असा दावा करावा असं काहींचं म्हणणं होतं. शस्त्रक्रियेची नोंद चवड्याचीच होती. खोटा मुद्दा पहिल्या एक्स-रेवर पडला असता आणि खरे मुद्देही त्याच्याबरोबर वाहून गेले असते.

मेच्या मध्यापर्यंत उत्तर आलं नाही. तेव्हा दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दोन पानी तक्रार पाठवली: तारखांचा तक्ता, आवक-जावक क्रमांक, मागणी एकच, फेरतपासणीची तारीख. जूनच्या अखेरीस तारीख मिळाली, या वेळी फोनवरही आणि पत्रानेही. ती तक्रारीमुळे मिळाली की एप्रिलच्या अर्जामुळे, हे कागदांवरून ठरवता येत नाही.

निकाल

फेरतपासणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. जुलैमध्ये आदेश आला: चवड्यासाठी 30, घोट्याचा ताठरपणा आणि न्यूरोमा यांसाठी 10, एकूण 40 टक्के, कायमस्वरूपी. ऑगस्टमध्ये पोर्टलवरची नोंद बदलली. ती आपोआप बदलत नाही. आदेशाची प्रत घेऊन मूळ रुग्णालयात जावं लागलं आणि नवं प्रमाणपत्र डाउनलोड होईपर्यंत पाठपुरावा करावा लागला.

तहसीलला ‘40 च्या वर पाहिजे’ असं पुन्हा ऐकावं लागलं. अधिनियमाच्या कलम 2 मधल्या लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत ‘चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नाही’ असे शब्द आहेत. त्या पानाची छापील प्रत दाखवल्यावर अर्ज घेतला गेला. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, इतर निराधारांसाठी ती 21,000 आहे. खिडकीवर बऱ्याचदा 21,000 चाच आकडा सांगितला जातो.

तालुका समितीच्या बैठकीत नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली आणि डिसेंबर 2023 मध्ये पहिले 1,500 रुपये खात्यात आले. मागची रक्कम मिळाली नाही. अनुदान मंजुरीनंतरच सुरू होतं. ऑक्टोबर 2022 पासून धरलं तर जून 2023 पर्यंत दरमहा 1,000 प्रमाणे 9,000 आणि जुलै ते नोव्हेंबर दरमहा 1,500 प्रमाणे 7,500, अशा 16,500 रुपयांना या घराला मुकावं लागलं. उचलीवर जगणाऱ्या घरात हा आकडा लहान नाही. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 2,500 झालं आहे, म्हणजे आता उशिराचा प्रत्येक महिना आणखी महाग पडतो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या तपासणीलाच फिजिओथेरपिस्टची मोजणी आणि बाजूचा एक्स-रे नेला असता, तर कदाचित अपील लागलंच नसतं. मंडळापुढे प्रत्येकाला मोजकी मिनिटं मिळतात. जे कागदावर नाही ते त्या मिनिटांत दिसेलच असं नाही.

संगायो शाखेचा नकार लेखी घ्यायला हवा होता. अर्ज आवक करून द्यायचा आणि त्रुटी असेल तर ती लेखी कळवण्याची विनंती करायची. तोंडी नकाराला तारीख नसते, म्हणून त्यावर पुढे काही उभं करता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरात गेला असता, तर कागद रुग्णालयातच पडून असल्याचं डिसेंबरात कळलं असतं आणि जानेवारीची तारीख चुकली नसती. आमच्या मते अपील दिल्यापासून 45 दिवसांत फेरतपासणीचं पत्र नसेल, तर थांबायचं कारण नाही. या अर्जाने कुणी दुखावेल अशी भीती असते. पण नुसत्या नोंदवहीच्या प्रती मागणारा अर्ज कुणावर आरोप करत नाही.

टपालाबाबत एक साधी सोय उपलब्ध होती. अपिलात ‘द्वारा’ (केअर ऑफ) पत्ता म्हणून वर्षभर गावात राहणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं आणि गावच्या पोस्टमनला ते सांगून ठेवायचं. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, पण कुलपावरून परत जाण्याचा प्रश्न तोच आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र अपिलाच्या बाहेर झालं. त्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम 1923 खाली अपघाताच्या दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. अपघात डिसेंबर 2020 चा, म्हणजे मुदत डिसेंबर 2022 ला संपली. त्या वेळी घरातल्या सगळ्यांचं लक्ष टक्क्यांच्या उत्तराकडे लागलं होतं. तोडकऱ्याचा मालक कोण, मुकादम की कारखाना, यावर दावा अडकला असता हे खरं आहे. तरी तो दाखल तरी व्हायला हवा होता. पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण वर्षं उलटतात तसं ते कारण पटवणं अवघड होत जातं. त्यासाठी 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्राचीही गरज नव्हती.

आता या घरापुढे दरवर्षीचं एक काम आहे. हयातीचा दाखला जानेवारी ते मार्चमध्ये द्यावा लागतो आणि नेमकं तेव्हा कुटुंब तोडीवर असतं. दाखला चुकला की अनुदान थांबतं आणि पुन्हा तहसीलचे खेटे सुरू होतात. संक्रांतीच्या सुमारास अर्जदाराने एकदा गावी यायचं, दाखला देऊन पोच घ्यायची आणि त्याच फेरीत बँकेचं पासबुक भरून घ्यायचं, असं कुटुंबाने ठरवलं आहे. एसटीत दिव्यांगांना मिळणारी भाडेसवलतही याच 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर मिळते, त्यामुळे फेरीचा खर्चही आता आवाक्यात आला आहे.